आजीबाई कुंडीत नाहीत

१

कुंडी उपडी केली आणि आतून नुसती माती निघाली.

दादाने बुडावर आणखी एक थाप मारली. तळाशी चिकटलेला चुरा तेवढा पडला. पत्र्याच्या ताटात मातीचा गड्डा फुटून पसरला होता आणि आम्ही चौघं त्याच्याकडे बघत उभे होतो. माझा दादा, म्हणजे बागेच्या काचघराचा प्रमुख. संचालकसाहेब. संशोधन विभागाचे डॉक्टर. आणि मी, फुकटची प्रेक्षक. माझं काम शेजारच्या इमारतीत, वाळवलेली झाडं कागदावर चिकटवून कपाटात लावायचं. त्यावरून दादा मला 'डिंके' म्हणतो, चारचौघांतसुद्धा.

वर्षातून एकदा कुंडी उघडायचा तो दिवस, आणि त्या कुंडीत आजीबाई असायला हव्या होत्या.

आजीबाई म्हणजे मुठीएवढा एक कंद. वर्षातले थोडे महिने त्या एक भलंमोठं पान वर काढतात, मग पान वाळून जातं आणि उरलेला काळ मातीखाली झोपून काढतात, म्हणून हे नाव. दोनेक शतकांपूर्वी त्या एका दूरच्या बेटावरून जहाजाने आल्या. आपली बाग तेव्हा झाडांची धर्मशाळाच होती. दालचिनी, जायफळ, रबर, कुठून कुठून रोपं काचेच्या पेट्यांतून यायची, इथे महिनाभर दम खायची आणि पुढच्या देशाला जायची. परक्या देशांतले कितीतरी मळे आमच्या वाफ्यांतून निघालेल्या रोपांवर उभे राहिले. आजीबाई मात्र इथेच राहिल्या. पुढे त्यांच्या बेटावरची टेकडी खाणीसाठी पोखरून सपाट झाली आणि त्यांच्या जातीचं तिथे काही शिल्लक उरलं नाही. बागेच्या दारावर पितळी फलक आहे, 'जगात एकमेव'. तो त्यांचाच.

आणि परवा जागतिक वारसा यादीची समिती बाग बघायला येणार होती.

दादा स्टुलावर बसला तो बसलाच. डॉक्टरांनी चाळणी घेतली आणि ताटातली माती चिमटी-चिमटीने चाळली. मग त्या झोपेच्या खोलीतली प्रत्येक कुंडी त्यांनी वरून अलगद उकरून पाहिली. बाकी सगळे कंद जागच्या जागी, ज्याच्या त्याच्या नावाच्या पाटीखाली. कुलूप धड, खिडकीची जाळी धड. किल्ल्या दोनच, एक दादाच्या कमरेला, दुसरी संचालकांच्या खणात.

"माझ्या खणातली किल्ली हललेली नाही," संचालक म्हणाले. "परवा समिती येतेय. तोवर कंद जागेवर आला तर मी काही पाहिलं नाही असं समजेन. नाही तर राजीनामा, नाही तर पोलीस. तुम्हीच ठरवा."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दादाने त्या कंदासाठी रात्रीचा दिवस केलेला मी पाहिला होता. तो आता उसळून उठेल असं मला वाटलं. पण त्याने डॉक्टरांकडे एकदा बघितलं आणि मान खाली घातली. डॉक्टर चाळणीकडे बघत होते.

"मी राजीनामा लिहून ठेवतो," दादा म्हणाला.

२

आमच्या घरात रडारडीला फार वेळ मिळत नाही, कारण आमच्या घरात आत्या आहे. ती कस्टममध्ये होती. बंदरावर उभं राहून तिने आयुष्यभर लोकांच्या बॅगा उघडल्या, आणि निवृत्त झाल्यावर आमची डोकी उघडायला घेतली. वहिनी बातमी ऐकून डोळे पुसत होती, तर आत्याने विचारलं, "बागेचं घर कधी सोडायचं म्हणाले?"

"आत्या, अजून सोडायचं ठरलं नाहीये."

"मग रडतेस कशाला? चप्पल कुठेय माझी?"

संचालकांनी तिला परवानगी दिली याचं मला नवल वाटलं नाही. पोलीस आले की वर्तमानपत्रं येतात, आणि वर्तमानपत्रांच्या नुसत्या विचाराने साहेबांचं धाबं दणाणलं होतं. घरच्या घरात काही निष्पन्न झालं तर त्यांना हवंच होतं.

झोपेची खोली लांबट, कोरडी, अर्धवट अंधारी. सिमेंटच्या फळीवर कुंड्या ओळीने आडव्या पडलेल्या. आत्याने कमरेवर हात ठेवले.

"वादळ आलं होतं का इथे?"

"झोपलेल्या कंदाची कुंडी आडवीच ठेवतात," दादा म्हणाला. "उभी ठेवली की कुणीतरी भला माणूस पाणी घालतोच. झोपेत पाणी मिळालं की कंद कुजतो. आडवी दिसली की कळतं, हिला हात लावायचा नाही."

"आणि ह्या सगळ्या एकसारख्या, नव्या, वर बागेचं चिन्ह काढलेल्या? तुझ्या हातच्या वाटत नाहीत."

दादाचं तोंड कडू झालं. "मी लेकीच्या बाळंतपणाला गेलो होतो तेव्हाचा उद्योग. समितीला फुटक्या कुंड्या दिसू नयेत म्हणून. आलो तर सगळ्या बदललेल्या. गड्डे न फोडता अख्खे उचलून ठेवलेत, असं मजूर म्हणाले. आता झोपलेल्याला उठवून कसं तपासणार? पाट्या जागेवर होत्या, गप्प बसलो." तो थोडा थांबला. "मी गेलोच नसतो तर हे झालं नसतं."

"लेकीच्या बाळंतपणाला जायचं नाही तर कधी जायचं?" आत्या फिस्कारली. "बरं, मला हे सांग. कुंडी उघडायची नाही, उकरायची नाही. मग आतली माती किती वाळली ते कळतं कसं?"

"एक मुकी कुंडी ठेवतो. तीच माती, तेच माप, आत कंद नाही. दर आठवड्याला तिच्यात बोट खुपसायचं. तिच्यात जेवढी ओल तेवढीच बाकीच्यांत."

"कुठेय ती?"

"आजीबाईंच्या अलीकडे असायची. आलो तेव्हा नव्हती. रिकामी म्हणून फेकली असेल. चिडलो, पण झोपेचे दिवस संपतच आले होते."

आत्याने फळीवरून बोट फिरवलं आणि धूळ बघितली. मग सहज विचारल्यासारखं विचारलं, "तुझा संशय कुणावर?"

"कुणावरच नाही."

दादा खोटं बोलला की त्याचे कान लाल होतात. हे मला माहीत आहे आणि त्याला वाढवणाऱ्या आत्याला तर नक्कीच. तिने बोटावरची धूळ झटकली. बाहेर आल्यावर मात्र माझा दंड धरून म्हणाली, "डिंके, तुझ्या भावाला चोर माहीत आहे. निदान त्याला तसं वाटतंय. आणि तो त्याला वाचवतोय."

३

पहिला संशयित आपल्या पायांनी चालत आला. त्याला आम्ही शौकीन म्हणतो. गावातला बडा असामी, घरामागे स्वतःचं काचघर, बागेचा देणगीदार. आजीबाईंचा एक तुकडा मिळावा म्हणून त्याने संचालकांच्या किती मिनतवाऱ्या केल्या होत्या ते शिपायापासून सगळ्यांना ठाऊक होतं. आपल्यावर संशय घेतला जाणार हे ओळखून तो आधीच रागावून आला.

"बाई, माझं काचघर उघडं आहे, खुशाल बघा," तो म्हणाला. "पण जरा विचार करा. शंभर लोकांना घरी बोलावून मी झाडं दाखवतो, तोच माझा शौक. जगात एकच असलेली वस्तू चोरून मी दाखवू कुणाला? मांजराला?"

आत्या खूश झाली. "चोरीच्या साड्या नेसता येत नाहीत म्हणून रडणारी एक बाई मी पकडली होती," ती त्याला म्हणाली. "तुम्ही तिच्यापेक्षा शहाणे आहात. जा."

डॉक्टरांची गोष्ट वेगळी. त्यांचं आणि दादाचं भांडण बागेत सगळ्यांना पाठ होतं. डॉक्टर म्हणायचे, कंद कापून त्याचे दोन करा, एक दुसऱ्या बागेला द्या, एकावर भरवसा ठेवणं वेडेपणा आहे. दादा म्हणायचा, कापताना मेला तर तुम्ही भरून द्याल का. दरवर्षी कुंडी उघडायच्या दिवशी हा वाद होई आणि दरवर्षी दादा जिंके. वर्षातले बाकीचे दिवस दोघं एकमेकांना फक्त कामापुरतं नमस्कार करायचे.

म्हणून डॉक्टर काय बोलतात याकडे माझे कान टवकारलेले होते. आणि ते जे बोलले त्याने मी चक्रावले.

"तुमचे भाचे चोर नाहीत," ते म्हणाले. आत्याने काही विचारायच्या आतच.

"मी कुठे म्हटलं?"

"कुणी म्हणेल. मी सांगतोय. त्या माणसाने बागेची काडी घरी नेलेली नाही. हे मी कुठेही, कुणाहीपुढे सांगेन."

"इतकी वर्षं तुम्ही एकमेकांशी धड बोलत नाही म्हणे."

"त्याचा इथे काय संबंध?" डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला आणि तसाच हातात धरून बसले. "चाळणीत काही सापडलं नाही. मला एवढंच माहीत आहे."

ती चाळलेली माती कुठे आहे असं आत्याने विचारलं, तर ते एकदम उठले. टाकून दिली असेल, म्हणाले. मला काम आहे, म्हणाले. आणि निघून गेले.

संचालकांनी कानांवर हात ठेवले. किल्ली खणात, खणाला कुलूप, कुलपाची किल्ली साहेबांच्या खिशात. "कधीच बाहेर गेली नाही," ते म्हणाले. "माझा स्वभाव तसा नाही."

राहिली सजावटवाली बाई. समितीसाठी जुन्या बियाणेघरात बागेच्या इतिहासाचं प्रदर्शन मांडायचं काम तिच्याकडे होतं. तिच्या गळ्यात मोजायची फीत कायम लटकलेली असते. ती बोलते फार, मनाने चांगली, आणि तिला कुठलीही वस्तू वाकडी दिसली की जेवण जात नाही. आम्ही गेलो तेव्हा ती शिडीवर होती.

"अहो, बरं झालं आलात. ह्या काचेचं काय करू सांगा. रोज सकाळी पुसते, रोज आतून धुकं. परवा पाहुणे येणार आणि मधोमध ठेवलेली मुख्य वस्तूच दिसायची नाही."

"कंदाचं विचारायला आलोय," मी म्हटलं.

"ऐकलं मी. इतक्या हौसेने कुंड्या बदलल्या होत्या. पाट्या काढून, घासूनपुसून, पुन्हा रांगेत लावल्या. मजुरांना सांगितलं होतं, कडेकडेने सुटं करा, गड्डा फुटता कामा नये."

"खोली उघडली कुणी?" आत्याने विचारलं.

"साहेबांनी किल्ली दिली ना. चार दिवस माझ्याकडेच होती."

आत्याने माझ्याकडे पाहिलं. ज्याचा स्वभाव तसा नाही त्याची किल्ली चार दिवस गावभर फिरत होती.

४

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याने माती शोधली. तिला कस्टमची सवय. लोक म्हणतात टाकली, म्हणजे ती कुठेतरी असते. काचघरामागे, माती कालवायच्या हौदाशेजारी, पत्र्याचं ताट तसंच पडलेलं होतं, वर पोतं झाकून.

तिने मातीत हात घातला आणि बोटं फिरवत राहिली. मग मला म्हणाली, "झोपेच्या खोलीतल्या दुसऱ्या कुठल्यातरी कुंडीतली चिमूटभर आण. कंदाला धक्का लावू नकोस."

मी आणली. तिने ती तळहातावर पसरली. वाळून दोऱ्यासारखी झालेली मुळं होती तिच्यात, केसांसारखी बारीक, जागोजाग तुटलेली. ताटातल्या मातीत तसं काही नव्हतं. भुसभुशीत, स्वच्छ, पिठासारखी माती.

"बॅगेतून माल काढून नेता येतो," आत्या म्हणाली. "पण मिरच्या नेलेली बॅग मिरच्यांनी खोकते आणि सिगारेटी नेलेली बॅग तंबाखूने. चोराने कंद नेला म्हणता. मग एकेक मूळ वेचत कोण बसलं?"

मी कागदावर झाडं चिकटवते. कितीही साफ केली तरी त्यांच्या मुळांचे तुकडे माझ्या टेबलावर, केसांत, डब्यात सापडतात. हे मला आधीच कळायला हवं होतं.

"आणि हे मला कळलं," आत्या पुढे म्हणाली, "तर ज्याने चिमटी-चिमटीने माती चाळली त्या डॉक्टरला कळलं नसेल?"

आम्ही सरळ डॉक्टरांच्या खोलीत गेलो. जाताना दादालाही बरोबर घेतलं. तो राजीनाम्याचा कागद खिशात घालूनच फिरत होता. आत्याने ताट डॉक्टरांच्या टेबलावर आदळलं.

"डॉक्टर, या मातीत मुळं नाहीत. तुम्हाला कालच दिसलं. का बोलला नाहीत?"

डॉक्टर दादाकडे बघेनात.

"बोला," आत्या म्हणाली. "नाही तर मी साहेबांना सांगते की चोर सापडला."

"मला वाटलं, यांनीच लपवला," डॉक्टर शेवटी म्हणाले. "समितीसमोर मी पुन्हा कापायचा विषय काढणार होतो. यांना ते कळलं असेल, म्हणून यांनी कंद दुसरीकडे ठेवला आणि इथे नुसती माती भरली, असं मला वाटलं. मुळांचं बोललो असतो तर सगळ्यांना कळलं असतं की हे माहीतगाराचं काम आहे. मग यांचीच नोकरी गेली असती." त्यांनी चष्मा पुसला. "कंद यांच्याकडे असेल तर जिवंत असेल, एवढी मला खात्री होती."

दादा त्यांच्याकडे बघतच राहिला.

"मला वाटलं तुम्ही नेला," तो म्हणाला.

"मी?"

"कापायला. तुमच्या मागच्या खोलीत. मी मनात म्हटलं, नेलाय तर नेलाय. निदान जाणत्या हातात आहे, मरू देणार नाहीत. मी बोललो असतो तर तुम्हाला पोलिसांनी नेलं असतं आणि कंद पडून वाळला असता."

दोघांनी एकमेकांसाठी मूग गिळले होते, आणि दोघांकडेही कंद नव्हता. मला हसू येत होतं.

"पुरे," आत्या म्हणाली. "मग आजीबाई आहेत कुठे?"

५

तिने बरोबर आणलेली आजीबाईंची रिकामी कुंडी पाटीसकट टेबलावर ठेवली.

"चोरी झालीच नाही. या मातीत कधी काही उगवलंच नाही. बागेत अशी माती कुठल्या कुंडीत असते?"

"मुक्या कुंडीत," दादा म्हणाला आणि उभा राहिला.

"म्हणजे पाटी आजीबाईंची आणि माती मुकीची. सजावटवालीने पाट्या काढल्या, धुतल्या, रांगेत परत लावल्या. पाट्या जेवढ्या, कुंड्या त्याहून एक जास्त. शेवटची पाटी लावायला गेली तेव्हा समोर दोन कुंड्या, आधी मुकी आणि मग आजीबाई. रांगेने जी आधी आली तिला पाटी मिळाली. जी उरली ती रिकामी ठरली. बाकीच्यांचे कंद बरोबर निघाले म्हणून कुणाला शंका आली नाही. मुकीला तुम्ही कुणी कधी मोजतच नाही."

"आणि ती फेकली," दादा म्हणाला. त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. "मीच म्हणालो ना. रिकामी म्हणून फेकली."

"तू म्हणालास. तिला कुणी विचारलंय का?"

बोलावल्यावर सजावटवाली धावतच आली. वाटेत संचालकांनाही कळलं होतं, तेही मागोमाग आले.

"फेकली नाही हो," ती म्हणाली. "मी चांगली वस्तू फेकते का कधी? एक पाटी आणि दोन कुंड्या म्हणून मी साहेबांना फोन केला होता. ते म्हणाले, शेवटची रिकामीच असते, काढून टाका. मला तर ती उपयोगी पडली. प्रदर्शनातल्या त्या जुन्या काचेच्या पेटीत ठेवलीय, जहाजातून रोपं यायची ती पेटी. रिकामी पेटी बरी दिसत नव्हती."

सगळ्यांनी संचालकांकडे पाहिलं.

"मी बैठकीत होतो," संचालक म्हणाले. "बैठकीत माणूस हो म्हणतो."

दादाचं लक्ष नव्हतं. "पेटीत ठेवली. कोरडीच ठेवली ना?"

"कोरडी माती राखेसारखी दिसते. फोटोत ओलसर हवी म्हणून रोज फवारते. काचेवर धुकं येतं त्यामुळेच की काय, पण रंग छान आलाय."

दादाने डोळे मिटले. झोपलेल्या कंदाला पंधरवडाभर पाणी, बंद काचेत, दमट उकाड्यात. डॉक्टर पुटपुटले, "कुजला असेल." मग दोघंही एकदम दाराकडे वळले आणि दारात एकमेकांना धडकले.

मी दादाला पळताना शाळेनंतर पहिल्यांदा पाहिलं. त्याचे गुडघे दुखतात, तरी तो पळत होता. त्याच्या मागे डॉक्टर, त्यांच्या मागे फीत हलवत सजावटवाली, मग संचालक, आणि सगळ्यांत शेवटी आत्या, जी आयुष्यात कधी कुणासाठी पळाली नव्हती आणि तेव्हाही पळाली नाही.

बियाणेघरात पेटी मधोमध उभी होती. काच आतून पांढरी. दादाला कडी सापडेना, म्हणून डॉक्टरांनी ती सरकवली. आतून उबदार, मातीचा वास आला. कुजका नव्हता.

कुंडीत तीन कोंब उभे होते. करंगळीएवढे, जांभळट, टोकाशी घट्ट मिटलेले.

दादा तिथेच जमिनीवर बसला आणि लहान मुलासारखा रडला. डॉक्टरांना काय करावं ते कळेना, म्हणून ते त्याच्या शेजारी जमिनीवर बसले. माझा जीव भांड्यात पडला आणि मी सजावटवालीला मिठी मारली, जिला खरं तर दोन रट्टे द्यायचे होते.

"तीन कसे?" संचालकांनी विचारलं.

"कुंडी बदलताना वरचा डोळा मोडला असणार," डॉक्टर म्हणाले. त्यांचा आवाजही नेहमीसारखा नव्हता. "मुख्य डोळा असेपर्यंत बाजूचे डोळे दबून राहतात. तो गेला की बाजूचे फुटतात. जाग यायची वेळ झालीच होती. पाणी थोडं आधी आलं असतं तर कुजलाच असता. अगदी थोडक्यात निभावलं."

६

समितीच्या बाई साठीच्या होत्या, कमी बोलणाऱ्या. संचालकांनी त्यांना मोठी झाडं दाखवली, वाळक्या पानांची माझी कपाटं दाखवली, आणि मग पेटीसमोर आणून पितळी फलकावरचं वाक्य छातीवर हात ठेवून ऐकवलं. जगात एकमेव. कुंडी पेटीतच ठेवली होती, कारण दादाने हलवू दिली नव्हती.

"एकमेव ती कशी राहिली?" बाईंनी विचारलं.

संचालक बेटाची गोष्ट सांगायला लागले. दादा मध्येच बोलला. साहेब बोलत असताना तो कधी मध्ये बोलत नाही.

"माझ्यामुळे राहिली, बाई. हे डॉक्टर दरवर्षी म्हणायचे, हिचे दोन करू, दुसरीकडे देऊ. मी होऊ दिलं नाही. मला वाटायचं, माझ्याइतकं तिला कोण जपणार." त्याने कुंडीकडे पाहिलं. "गेले दोन दिवस ती नव्हती. जगातच नव्हती. लेकीच्या बाळंतपणाला मी थोडे दिवस काय गेलो, तर एक पाटी इकडची तिकडे झाल्याने सगळं संपत होतं. या पेट्या दोनशे वर्षं इथून भरून जात होत्या. मी त्यातली एक अडवून धरली होती."

संचालक खोकले. दादा थांबला नाही.

"आता पान वाळलं की डॉक्टर हिचे तीन भाग करतील. मी धरीन, ते कापतील. एक इथे राहील. एक दुसऱ्या बागेला जाईल. एक तिच्या बेटावर. टेकडी नाही राहिली, पण तिथल्या लोकांनी छोटी बाग केलीय म्हणतात."

"अहो, मग फलकाचं काय?" संचालक कळवळून म्हणाले. "एकमेव असं लिहायचं कसं?"

"नका लिहू," डॉक्टर आणि दादा दोघंही म्हणाले.

बाईंनी पहिल्यांदा हसून पाहिलं. "असे फलक मी खूप वाचलेत," त्या संचालकांना म्हणाल्या. "दहा वर्षांनी गेलं तर बहुतेक ठिकाणी नुसता फलकच उरलेला असतो. मला ही तीन भागांची वाटणी बघायला आवडेल. कळवाल का?"

बागेचं नाव यादीत गेलं. संचालक सांगतात, त्यांच्या भाषणामुळे. आम्ही कुणी वाद घालत नाही. दादाने राजीनाम्याचा कागद आत्याला दिला होता, तिने त्यात जिरं बांधून ठेवलं.

पान वाळलं तेव्हा मी खोलीच्या दाराशी उभी होते. दादाने कंद धरला, डॉक्टरांनी सुरी चालवली. कापताना दोघांनीही श्वास रोखून धरला होता, आणि नंतर दोघंही घाम पुसत एकमेकांना तू बरोबर धरलंस, तुम्ही बरोबर कापलंत असं सांगत बसले. तिन्ही जखमा भरल्या. दोन कंद पुठ्ठ्याच्या खोक्यातून रवाना झाले आणि काही महिन्यांनी दोन्हीकडून पान आल्याचं कळलं. बेटावरच्यांनी फोटो पाठवला, त्यात अख्खं गाव कुंडीभोवती उभं होतं.

खोकी रवाना झाली त्याच आठवड्यात दादाने रजा घेतली होती. सबंध महिन्याची. झोपेच्या खोलीची किल्ली त्याने डॉक्टरांच्या हातात दिली आणि लेकीकडे निघून गेला. पंधरा दिवसांनी मी त्याला फोन केला. बोलायला काही हवं म्हणून आजीबाईंबद्दल सांगायचं बरंच काही मनात जुळवून ठेवलं होतं. त्याने त्यांचं काही विचारलंच नाही. नातीला पहिला दात आलाय आणि तिने त्याच्याच बोटाला चावून बघितलं, हेच तो कितीतरी वेळ सांगत बसला.